चतुर पंडिताच्या वह्या

आपल्यापैकी कोणाच्याही खिशातला फोन काढून त्यातली गाणी पाहावीत. पहिला अभंग निघतो, दुसरी लावणी, तिसरी गझल, चौथे एखाद्या नव्या सिनेमातले गाणे आणि त्याच्याखाली कोणी मित्राने पाठवलेला एखादा तराणा. गाण्यांची ही भेळ जमवायला आपल्याला काहीच कष्ट पडलेले नसतात. बोट लावले की गाणे आपले झाले! त्यामुळे आपल्याजवळ काय आहे, ते कोठून आले आणि कशाच्या शेजारी काय ठेवावे, हे प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाहीत.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका वकिलाने असाच गाण्यांचा संग्रह जमवला. त्यातही धृपद होते, धमार होता, ख्याल होता, तराणा होता. पण त्यातले एकेक गाणे मिळवण्यासाठी त्या गृहस्थाने आगगाडीने हजारो मैलांचा प्रवास केला, नबाबाच्या दरबारात हात जोडले आणि पिकल्या वयात उस्तादांचा गंडा बांधून घेतला. ते वकील म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचे नाव ठाऊक असते. परंतु ‘दहा थाट सांगणारे भातखंडे’ यापलीकडे आपली ओळख सहसा जात नाही. या लेखात त्यांच्या वह्यांच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहावयाचे आहे.

पंडितजींचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, परिस्थिती बेताची, पण घरात गाण्याची आवड होती. लहानपणी त्यांना बासरीचा नाद लागला. पुढे ते वल्लभदास दामुलजी या सतारियांकडे सतार शिकू लागले. त्या काळच्या पांढरपेशा घरात मुलाने सतार हाती घेणे ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हती. गाणे ऐकावे, फार तर देवापुढे भजन म्हणावे. गाणे शिकणे हा मात्र वेगळ्या लोकांचा व्यवसाय, अशी समजूत होती. विष्णुपंतांनी घरच्यांना काळजी वाटावी असे काही केले नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली एल्‌एल. बी. झाले. काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. कोर्टाचे काम एका हाताने आणि गाण्याचे काम दुसऱ्या हाताने, असा त्यांचा क्रम होता.

त्या वेळची मुंबई कानाने कशी असेल, याची जरा कल्पना करून पाहावी. देवळातून कीर्तन चाललेले, पारशी नाटकमंडळ्यांचे खेळ रंगात आलेले, तमाशाच्या फडात लावणी, कोठ्यांवर ठुमरी आणि दादरा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्याला रंगभूमीवर आले आणि थोड्याच दिवसांत नाटकातली पदे घरोघर गुणगुणली जाऊ लागली. उत्तरेकडून आलेले उस्ताद भेंडीबाजाराच्या आसपास मुक्काम करून होते. म्हणजे गाण्यांचे वैविध्य पुष्कळ होते. मात्र प्रत्येक प्रकार आपापल्या कोपऱ्यात राहत होता. एका कोपऱ्यातल्या माणसाला दुसऱ्या कोपऱ्याची चौकशी नव्हती आणि असली तरी आत शिरण्याची सोय नव्हती.

ही सोय विष्णुपंतांना मिळाली ती गायन उत्तेजक मंडळीत. १८७० साली पारशी समाजातल्या संगीतप्रेमी मंडळींनी ही संस्था काढली होती आणि तेथे चांगले गवई शिकवण्यासाठी येत. विष्णुपंत १८८४ साली, म्हणजे कॉलेजात असतानाच, तिच्यात दाखल झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी सुमारे तीनशे धृपदे घेतली, तर अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून शंभर-दीडशे ख्याल घेतले. त्यांच्या संग्रहाची सुरुवात ही अशी झाली. एकाच शिष्याच्या वहीत धृपद आणि ख्याल हे दोन प्रकार शेजारी शेजारी येऊन बसले. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. त्या काळी ते विशेष होते.

विशेष का, हे कळण्यासाठी या प्रकारांतला फरक थोडा लक्षात घ्यावा लागेल. धृपद म्हणजे जुन्या दगडी वाड्यासारखे. अस्ताई, अंतरा, संचारी आणि आभोग असे त्याचे चार भाग, साथीला पखवाज आणि बहुधा बारा मात्रांचा चौताल. शब्दांचा उच्चार स्वच्छ, चाल भारदस्त. धमार त्याचाच भाऊबंद. चौदा मात्रांच्या तालात होळीचे वर्णन करणारा, म्हणून थोडा मोकळ्या स्वभावाचा. ख्यालात मात्र अस्ताई आणि अंतरा एवढेच दोन भाग; शब्द कमी आणि गायकाच्या कल्पनेला अंगण मोठे. साथ तबल्याची. तराण्यात अर्थ असलेला शब्दच बहुधा नसतो. तोम्, तननन, दिर दिर अशा बोलांवर सारी लयीची गंमत. धृपदियाला ख्याल थोडा उथळ वाटे आणि ख्यालियाला धृपद थोडे जड. या दोघांच्या चिजा एका वहीत उतरवून घेणारा मनुष्य दोघांच्याही दृष्टीने जरा परकाच होता. परंतु या परकेपणाचाच विष्णुपंतांना उपयोग झाला. ते कोणत्याच घराण्याचे नव्हते, म्हणून सगळ्यांच्या दारावर थाप मारू शकले.

ही थाप मारण्याची पाळी लवकरच आली. निरनिराळ्या उस्तादांकडून एकच राग शिकताना त्यांच्या लक्षात आले की, एकजण एका रागात कोमल स्वर घेतो तर दुसरा त्याच रागात तो घेत नाही आणि दोघेही आपलेच खरे म्हणतात. विचारावे तर उत्तर एकच, आमच्या वाडवडिलांनी असेच सांगितले. वकिलाच्या बुद्धीला हे उत्तर पुरेना. साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलू लागले की वकील जास्त साक्षीदार गोळा करतो आणि जुने दस्तऐवज काढून पाहतो. पंडितजींनी नेमके हेच केले. त्यांचे साक्षीदार म्हणजे गवयांच्या तोंडच्या चिजा आणि दस्तऐवज म्हणजे संस्कृत ग्रंथ.

१८९६ साली ते गुजरात-काठेवाडच्या दौऱ्यावर गेले. त्यानंतरची काही वर्षे संसाराच्या दृष्टीने फार कठीण गेली. १९०० साली पत्नी वारली आणि १९०३ साली एकुलती मुलगी गेली. एखादा मनुष्य या आघाताने खचून गेला असता. पंडितजींनी वकिली सोडली आणि उरलेले सर्व आयुष्य संगीतास वाहून टाकले. त्यांच्या वह्यांची पाने भराभर वाढू लागली ती यानंतर. रिकाम्या झालेल्या घरात त्या वह्या हाच त्यांचा संसार झाला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९०४ साली ते दक्षिणेस गेले. मद्रास, तंजावर, मदुरा अशी गावे करीत ते एट्टयपुरमला पोहोचले. तेथे सुब्बराम दीक्षितर या वृद्ध पंडितांची भेट झाली. त्याच साली दीक्षितरांचा दक्षिणी संगीताच्या स्वरलिपीचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखी याच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाचा पंडितजींना येथे लाभ झाला. सतराव्या शतकातल्या या ग्रंथात बहात्तर मेलांची योजना होती. राग असंख्य असले तरी ते ठरावीक मेलांच्या खणांत लावता येतात, ही ती कल्पना. आतापर्यंत पंडितजींजवळ माल पुष्कळ साठला होता, पण कपाट नव्हते. कपाटाचा नमुना त्यांना दक्षिणेत मिळाला. कर्नाटक संगीताच्या गोडीपेक्षा त्याच्या या शिस्तीने ते अधिक प्रभावित झाले.

पुढे १९०७ साली नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, हैदराबाद आणि १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर असे मोठे प्रवास झाले. कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन टागोरांशी चर्चा झाली. बिकानेरच्या ग्रंथसंग्रहात जुन्या हस्तलिखितांचा ठेवा पाहावयास मिळाला. लोचन, पुंडरीक विठ्ठल, सोमनाथ, भावभट्ट अशा ग्रंथकारांच्या पोथ्या मिळवाव्यात, नकलून घ्याव्यात, त्यांतले राग आणि आजचे राग ताडून पाहावेत, हे काम अखंड चालले होते. रोज कोणाला भेटलो, त्याला काय विचारले, त्याने काय उत्तर दिले, हे सारे ते रोजनिशीत लिहून ठेवीत. आज ज्याला आपण संशोधन म्हणतो, त्याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

या संग्रहातला सर्वांत नाट्यमय भाग जयपूरचा. महंमद अली खाँ हे तेथले बुजुर्ग गवई, ‘कोठीवाल’ म्हणून प्रसिद्ध. मनरंगाच्या परंपरेतल्या शेकडो चिजा त्यांच्या घरात होत्या. त्यांचे पुत्र आशक अली आणि अहमद अली यांच्याकडून पंडितजींनी या चिजा मिळवल्या आणि त्यासाठी फोनोग्राफ या त्या काळच्या नव्या यंत्राचा उपयोग केला. गायकाने कर्ण्यापुढे गावे आणि मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरला जावा, अशी ती रचना. एका नळकांड्यावर दोन-चार मिनिटांपेक्षा अधिक मावत नसे. म्हणजे आलाप नाही, ताना नाहीत. फक्त अस्ताई-अंतऱ्याचा सांगाडा. घरातले धन असे बाहेर गेल्याचे कळले तेव्हा वृद्ध खाँसाहेब रागावले, असे सांगतात. पुढे मात्र त्यांचा राग निवळला आणि पंडितजींनी त्यांना गुरू मानले.

खाँसाहेबांचा राग आपण समजून घेतला पाहिजे. गवयाच्या घरात शेत नसे, दुकान नसे, पेन्शन नसे. त्याच्या चिजा हीच त्याची इस्टेट. काही घराण्यांत तर मुलीच्या लग्नात जावयाला चिजा आंदण दिल्या जात. असल्या घरात कोणी शिकलेला, सज्जन, गोड बोलणारा गृहस्थ येतो आणि सारे उतरवून नेतो. आणि तो ते छापणार आहे, म्हणजे उद्या कोणीही आठ आण्यांत ते विकत घेईल! हे कळल्यावर कोणाच्या पोटात गोळा उठणार नाही? उलट बाजूही तितकीच खरी आहे. किती उस्ताद आपल्या चिजा छातीशी धरून गेले आणि त्यांच्याबरोबर त्या चिजाही मातीत गेल्या. ज्ञान कुलुपात ठेवले तर नष्ट होते आणि कुलूप तोडले तर धन्याचे नुकसान होते. हा पेच पंडितजींच्या साऱ्या आयुष्याला व्यापून राहिला आहे.

रामपूरला त्यांनी कुलूप तोडले नाही, किल्ली मागितली. तेथे तानसेनाच्या वंशातले बीनकार वझीर खाँ होते. नबाब हमीद अली खाँ हे स्वतः त्यांचे शिष्य. नबाबांच्या कृपेने पंडितजींना वझीर खाँचे शिष्यत्व मिळाले. पन्नाशी उलटलेला, ग्रंथकार म्हणून नाव झालेला हा पंडित हातात गंडा बांधून पुन्हा विद्यार्थी झाला. तानसेनी परंपरेतली धृपदे आणि होऱ्या या मार्गाने त्यांच्या संग्रहात आल्या. ग्वाल्हेरचे ख्याल एकनाथ पंडितांकडून आले. म्हणजे जयपूर, रामपूर, ग्वाल्हेर, मुंबई. हिंदू आणि मुसलमान. धृपदिये, ख्यालिये आणि बीनकार या सर्वांचे ऋण त्या वह्यांत एकत्र झाले.

आता प्रश्न होता तो मांडणीचा. एवढ्या चिजा मांडायच्या कशा? घराण्यांनुसार मांडल्या तर भांडणे तशीच राहिली असती. प्रकारांनुसार, म्हणजे धृपदांचे एक पुस्तक आणि ख्यालांचे दुसरे, असे करणे सोपे होते. पंडितजींनी दोन्ही मार्ग सोडून राग हा पाया धरला. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे दहा थाट ठरवून त्यांखाली राग लावले. बहात्तरांचे दहा केले, कारण उत्तरेकडच्या रागांना तेवढे पुरेसे वाटले. मग एकेक राग घेऊन त्याच्याखाली सगळे प्रकार एका पंगतीला बसवले. आधी नुसत्या स्वरांची सरगम, मग लक्षणगीत, मग ख्याल, मग धृपद, धमार, जमल्यास तराणा. लक्षणगीत म्हणजे ज्याच्या शब्दांतच त्या रागाचे वर्णन आहे असे गीत. रागाचे वादी-संवादी कोणते, वर्ज्य स्वर कोणते, हे गातागाताच पाठ व्हावे, यासाठी पंडितजींनी स्वतः अशी पुष्कळ गीते रचली आणि त्यांत ‘चतुर’ ही मुद्रा घातली.

ही पंगत कशासाठी, हे नीट पाहिले म्हणजे त्यांच्या संग्रहाचे मर्म कळते. एकाच रागातले धृपद आणि ख्याल शेजारी ठेवले, की त्यांच्यात समान काय आहे ते आपोआप दिसते. गायकी निराळी, ताल निराळा, घराणे निराळे. तरी दोन्हींतून रागाची तीच आकृती उभी राहते. पाच घरांतल्या पाच चिजांत जी गोष्ट समान निघाली, ती रागाची खरी ओळख. ज्यात फरक पडला ती त्या घराची आवड. प्रकारांची सरमिसळ ही पंडितजींच्या बाबतीत हौस नव्हती, तो पुरावा होता. एकाच प्रकारच्या चिजा जमवून हा पुरावा मिळाला नसता.

हे सारे कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी सोपी स्वरलिपी तयार केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू आणि तार सप्तकाला वर बिंदू, समेला फुली आणि खालीला शून्य. शाळकरी मुलालाही अर्ध्या तासात समजावे इतकी ती सुटसुटीत आहे. याच सुमारास विष्णु दिगंबर पलुस्करांनीही आपली वेगळी स्वरलिपी चालू केली होती. पण सोपेपणामुळे भातखंडे पद्धतीचा प्रसार फार झाला.

१९१० साली ‘चतुर पंडित’ या नावाने त्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आला. त्याच साली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या ग्रंथाचा पहिला भाग निघाला आणि चौथा भाग १९३२ साली पुरा झाला. हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आणि मराठीत आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या नावाने त्यांच्या चिजांचा संग्रह सहा भागांत छापला गेला आणि त्यांचे शिष्य भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी प्रकाशनाची बाजू सांभाळली. या सहा भागांत सुमारे १८० राग आणि १८०० हून अधिक चिजा आहेत. या मालिकेची भाषाही मुळात मराठी. हाथरसहून तिच्या हिंदी आवृत्त्या निघाल्या त्या नंतर. भारतभर शिकवल्या गेलेल्या या पुस्तकांचे मूळ मराठीत आहे, ही गोष्ट आपण मराठी विद्यार्थीही विसरून जातो.

पंडितजींनी हे वाचनालयात ठेवण्यासाठी केले नाही. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रधार तेच. त्यानंतर दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. उस्तादांना आणि पंडितांना समोरासमोर बसवून रागांची रूपे ठरवावीत, हा त्यांचा हेतू. सर्व वाद काही मिटले नाहीत. पण निरनिराळ्या घराण्यांची माणसे एका मांडवाखाली आली, हेही थोडे नव्हे. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि १९२६ साली लखनौला मॉरिस कॉलेज. या लखनौच्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले आणि आज ती विद्यापीठ झाली आहे. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिचा सांभाळ केला. ज्या मुलामुलींना रामपूरच्या ड्योढीपर्यंत जाण्याचे स्वप्नही पडले नसते, त्यांच्या हातात रामपूरचे धृपद आले.

येथवर वाचून पंडितजींचा केवळ जयजयकार करावा, असे वाटेल. तो करावाच, पण त्यांच्याच चिकित्सक वृत्तीला स्मरून चार गोष्टी स्पष्ट बोलणेही आपले कर्तव्य आहे. पहिली गोष्ट, या पंगतीत सर्वांना पान मिळाले नाही. ठुमरी, दादरा, गझल, लावणी, नाट्यपद यांना या मालिकेत जवळजवळ स्थान नाही. जे त्यांच्या तरुणपणी मुंबईभर ऐकू येत होते, त्यातले बरेचसे त्यांनी दाराबाहेर ठेवले. शास्त्राच्या कामाला जे उपयोगी ते आत, बाकीचे बाहेर. हा निर्णय त्यांच्या हेतूशी सुसंगत होता. पण त्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या मनात ‘पुस्तकात आहे ते उच्च आणि पुस्तकात नाही ते हलके’ अशी एक समजूत रुजली. विशेषतः ज्या कलावंतिणींनी ठुमरी-दादरा जिवंत ठेवला, त्यांच्यावर तिचा अन्याय झाला.

दुसरी गोष्ट ऋणाची. चिजेच्या अंतऱ्यात सदारंगाचे किंवा मनरंगाचे नाव गुंफलेले असते, ते तसेच राहिले. पण ती चीज कोणत्या उस्तादाने कोणत्या दिवशी दिली, याची नोंद छापील पानावर चिजेखाली बहुधा सापडत नाही. विद्यार्थ्याच्या तोंडी ती ‘भातखंड्यांची चीज’ होऊन बसते. ज्यांनी आपली इस्टेट दिली, त्यांचे नाव पानावरून गेले. तिसरी गोष्ट, कागदावर स्वर राहतो, पण त्या स्वरावरचे आंदोलन, मींड, आवाजाचा लगाव हे राहत नाही. पुस्तकावरून गाणारा गवई झाला नाही, ही तक्रार त्यांच्या हयातीपासून चालू आहे. आणि चौथी, दहा थाटांच्या खणांत काही राग अवघडून बसले आहेत, हे अनेक विद्वानांनी पुढे दाखवून दिले.

या तक्रारी खऱ्या आहेत. मात्र त्या करण्यासाठी लागणारी सामग्रीसुद्धा आपल्याला त्यांच्याच पुस्तकांतून मिळते, हे विसरता कामा नये. अमुक घराण्यात ही चीज निराळी गातात, असे आज आपण म्हणू शकतो, कारण तुलनेसाठी एक छापलेले रूप समोर आहे. पंडितजींनी शेवटचा शब्द लिहिला नाही. लिहिलेला पहिला शब्द ठेवला. वादीची बाजू मांडली आणि फाईल पुढच्या वकिलासाठी उघडी ठेवली.

१९३३ साली पक्षाघाताने त्यांना अंथरूण धरावे लागले. तीन वर्षे ते खिळून होते. पण काम थांबले नाही. मालिकेचे उरलेले भाग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले. गोकुळाष्टमीला आलेला हा पाहुणा गणपतीच्या दिवशी गेला. मालिकेचे अखेरचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडले. जाताना त्यांनी बंगला ठेवला नाही, वारस ठेवला नाही. ठेवल्या त्या वह्या, आणि त्या वह्यांवर शिकलेले विद्यार्थी.

पुन्हा आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. पंडितजींना जन्मभर हिंडून जेवढ्या चिजा मिळाल्या, त्याच्या कितीतरी पट गाणी आज आपल्याजवळ आहेत. हिंडण्याची गरज उरली नाही, हे आपले भाग्य. पण कधी तरी एखाद्या संध्याकाळी एक राग निवडावा. समजा यमन घेतला. त्यातले एक धृपद शोधावे, एक ख्याल, एक तराणा, एक नाट्यपद, एक गझल आणि एक सिनेमातले गाणे. ही सर्व एकामागून एक ऐकावीत आणि यांच्यात समान काय आहे, ते वहीत लिहावे. प्रत्येक गाण्यापुढे ते कोणी गायिले आणि आपल्याला कोणामुळे मिळाले, हेही लिहावे. ज्यांना पंडितजींच्या पंगतीत पान मिळाले नाही त्यांना आपण वाढावे आणि ज्यांची नावे त्यांच्या पानावरून सुटली तशी आपल्या पानावरून सुटू देऊ नयेत. चतुर पंडिताचे ऋण फेडण्याचा विद्यार्थ्याजवळ याहून स्वस्त आणि चांगला मार्ग नाही.